कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस पक्का कसा करावा: घर आणि ऑफिससाठी पायरीपायरीने

प्रिंटर काल चालत होता आणि आज सकाळी 'ऑफलाइन' दाखवतो. तो बंद नाही, वायर निघालेली नाही, कागदही अडकलेला नाही. रात्री वीज गेली, सकाळी राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला कालच्यापेक्षा वेगळा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, दिला. कॉम्प्युटर मात्र अजून जुन्याच पत्त्यावर कामं पाठवतो आहे. पत्ता पक्का करण्याची गरज बहुतेकांना अशा वेळीच पहिल्यांदा जाणवते. मग घाईघाईने सेटिंग उघडून कुठला तरी नंबर टाइप केला जातो, आणि दोन आठवड्यांनी भलतंच एखादं यंत्र नेटवर्कवरून गायब होतं.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. पत्ता पक्का करायचा असेल तर तो शक्यतो राउटरमध्ये पक्का करा. कॉम्प्युटरमध्ये हाताने टाइप करणं हा दुसरा पर्याय. पत्ते वाटण्याचं काम एकाच ठिकाणी राहिलं की भांडणं होत नाहीत. पण हाताने द्यायची वेळ येते, आणि ती वेळ आली तर नीट देता आला पाहिजे. या लेखात दोन्ही रस्ते आहेत.

एक सूचना आत्ताच. इथे सगळे आकडे आणि कमांड देवनागरीत आहेत, पण कॉम्प्युटरवर टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. आयपीच्या चौकटीला देवनागरी अंक समजत नाहीत. कमांडही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, सांगितलं असेल तिथेच जागा सोडायची.

आधी आहे ते लिहून घ्या

काहीही बदलण्याआधी सध्याची स्थिती टिपून ठेवणं ही पहिली पायरी आहे, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

विंडोजवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'सीएमडी' टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. त्यात 'आयपीकॉन्फिग' टाइप करा, एक जागा सोडा, पुढे जाणारी तिरपी रेघ द्या आणि तिला लागून 'ऑल' लिहा. एंटर मारल्यावर भराभर ओळी येतील. घाबरू नका, त्यातला फार थोडा भाग आपल्या कामाचा असतो. यादीत अनेक कार्डं, म्हणजे कॉम्प्युटरला नेटवर्कशी जोडणारे भाग, दिसतील. काहींपुढे 'मीडिया डिस्कनेक्टेड' असेल, काही व्हीपीएनने (दूरच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारी सोय) किंवा व्हर्च्युअल मशीनच्या (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) सॉफ्टवेअरने तयार केलेली असतील. ज्या कार्डाच्या खाली 'डिफॉल्ट गेटवे' समोर खरोखर नंबर आहे, ते साधारणपणे आपलं कार्ड. त्याखालच्या चार गोष्टी लिहून घ्या: आयपीव्ही४ ॲड्रेस, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर्स. शिवाय 'फिजिकल ॲड्रेस' (त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि 'डीएचसीपी एनेबल्ड' (पत्ता आपोआप मिळतो का) समोर येस आहे की नो, हेही टिपा. मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल. फक्त त्याच कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट काढून तो ऑनलाइन साठवू नका, कारण नेट बंद पडल्यावरच त्याची गरज लागणार आहे.

मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', त्यात 'नेटवर्क', मग वायफाय किंवा इथरनेट, 'डीटेल्स' आणि 'टीसीपी/आयपी' अशा क्रमाने गेलात की हीच माहिती मिळते. डीएनएस शेजारच्या वेगळ्या टॅबमध्ये असतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'आयपी' लिहून जागा सोडून 'ए' दिलं की पत्ते दिसतात, 'ए' च्या जागी 'आर' दिलं की गेटवे दिसतो.

चार ओळींचा अर्थ

समजा तुमच्या कॉम्प्युटरवर असं दिसलं: पत्ता १९२.१६८.१.२३, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१ आणि डीएनएसही १९२.१६८.१.१.

पत्ता म्हणजे या नेटवर्कवरची तुमच्या यंत्राची ओळख. एका वेळी एका यंत्राला एकच, आणि दुसऱ्या कोणाचा तो असता कामा नये. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा असतो आणि सोयीसाठी तो ० ते २५५ मधल्या चार आकड्यांत लिहितात. घर-ऑफिसच्या आतल्या वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणूनच जगभरात लाखो ठिकाणी १९२.१६८.१.२३ एकाच वेळी असू शकतो. बाहेर जाताना राउटर तो बदलून स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो.

मास्क ही सर्वांत दुर्लक्षित ओळ आहे, आणि तिच्यातली चूक शोधायला सर्वांत अवघड जाते. 'माझ्याच नेटवर्कवरचं कोण आणि बाहेरचं कोण' हा निर्णय कॉम्प्युटर मास्क बघून करतो. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ पहिले तीन आकडे सारखे असलेली सगळी यंत्रं आपली, त्यांच्याशी थेट बोलायचं. बाकी सगळं गेटवेकडे द्यायचं. आता एक उदाहरण बघा. ऑफिसात दोन वेगळी नेटवर्क आहेत: खालच्या मजल्यावर १९२.१६८.१ चं, वरच्या मजल्यावर १९२.१६८.२ चं, आणि मध्ये राउटर. खालच्या एका कॉम्प्युटरवर कोणी मास्क २५५.२५५.०.० टाइप केला. आता त्याला वाटतं की १९२.१६८ ने सुरू होणारं सगळंच आपल्या नेटवर्कवर आहे. वरच्या मजल्यावरचा सर्व्हर १९२.१६८.२.५० वर आहे. त्याच्याशी बोलायचं असताना हा कॉम्प्युटर माहितीचं पाकीट राउटरला देतच नाही. आपल्याच मजल्यावर 'हा पत्ता कोणाचा?' असं विचारत राहतो आणि उत्तर येत नाही. इंटरनेट व्यवस्थित चालतं, शेजारचा प्रिंटर चालतो, फक्त तो एक सर्व्हर सापडत नाही. लोक सर्व्हर तपासतात, केबल बदलतात, अँटिव्हायरस काढून बघतात. दोष मात्र मास्कच्या तिसऱ्या आकड्यात असतो.

हाच मास्क कधी कधी '२४' असा एका आकड्यात लिहितात. २४ म्हणजे २५५.२५५.२५५.० आणि त्यात २५४ यंत्रं मावतात. मोठ्या ऑफिसात २३ दिसेल, म्हणजे २५५.२५५.२५४.०, त्यात ५१० मावतात. मास्क स्वतः ठरवायचा नसतो. त्याच नेटवर्कवरच्या चालत्या कॉम्प्युटरवर जो आहे तोच जसाच्या तसा घ्यायचा.

गेटवे म्हणजे बाहेर जाण्याचं दार, घरी बहुधा राउटरच. तो तुमच्या पत्त्याच्याच नेटवर्कमधला असावा लागतो. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर.

काही नंबर दिसले की लगेच ओळखायचे

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला कोणीही पत्ता दिलेला नाही. त्याने मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक घेतला. अशा वेळी हाताने पत्ता टाइप करणं हा उपाय नव्हे. केबल, स्विच, राउटर यांपैकी काय बंद आहे ते आधी बघा.

१२७.०.०.१ म्हणजे यंत्र स्वतः.

राउटरच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्याच्या 'वॅन' पानावर, १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला तर इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरते आहे. तुम्ही घरातल्या कॅमेऱ्याला कितीही पक्का पत्ता दिलात तरी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडूनही तो बाहेरून दिसणार नाही. त्यासाठी कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो किंवा व्हीपीएनसारखा वेगळा मार्ग काढावा लागतो.

पत्ता कोणाचा पक्का करायचा

ज्या यंत्राकडे बाकीची यंत्रं जातात त्याचा. प्रिंटर, फाइल सर्व्हर, नेटवर्कवरची साठवण पेटी, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन, आणि ज्या कॉम्प्युटरवर दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने शिरायचं आहे तो. मोबाईल, टीव्ही, रोजचे लॅपटॉप हे सगळे स्वतः दुसऱ्यांकडे जाणारे. त्यांना ऑटोमॅटिकवरच सोडा. पत्ता पक्का केल्याने नेटचा वेग वाढत नाही. त्या आशेने करणार असाल तर इथेच थांबा.

पहिला रस्ता: राउटरमध्ये राखून ठेवणं

राउटरमध्ये पत्ते वाटणारी जी सेवा असते तिला डीएचसीपी म्हणतात. यंत्र सुरू झालं की 'मला पत्ता द्या' अशी हाक मारतं, राउटर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागतं आणि राउटर शिक्कामोर्तब करतो. हा पत्ता मुदतीवर मिळतो. त्या मुदतीला लीज म्हणतात. मुदत २४ तासांची असेल तर साधारण १२ तासांनी यंत्र ती वाढवून मागतं आणि बहुतेक वेळा तोच पत्ता पुढे चालू राहतो. म्हणूनच प्रिंटर महिनोन् महिने एकाच पत्त्यावर दिसतो आणि आपल्याला वाटतं की तो कायमचा आहे. राउटरची नोंद पुसली गेली, किंवा प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला आणि तो पत्ता मधल्या काळात दुसऱ्याला गेला, की घोटाळा होतो.

राखून ठेवणं म्हणजे राउटरला सांगायचं की या फिजिकल ॲड्रेसचं यंत्र आलं की त्याला दर वेळी हाच पत्ता द्यायचा. यंत्र ऑटोमॅटिकवरच राहतं.

ब्राउझरमध्ये गेटवेचा नंबर टाइप करा, राउटरचं पान उघडेल. पासवर्ड अनेकदा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो. अजून तोच असेल तर आजच बदला. आत 'लॅन' (आतलं नेटवर्क) किंवा 'डीएचसीपी सर्व्हर' असा विभाग शोधा. त्यात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' (इथे मॅक म्हणजे ॲपलचा कॉम्प्युटर नव्हे, फिजिकल ॲड्रेसच) यांसारखं काही तरी असतं; कंपनीगणिक नाव बदलतं, काम एकच. जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून प्रिंटर निवडा किंवा त्याचा फिजिकल ॲड्रेस टाइप करा, हवा तो आयपी द्या, सेव्ह करा आणि प्रिंटर बंद करून चालू करा. चालू झाल्यावर त्याच्या स्वतःच्या पडद्यावर किंवा माहितीच्या छापील पानावर नवा पत्ता आला का ते बघा.

दोन ठिकाणी लोक अडकतात. लॅपटॉपला वायफायचा आणि केबलचा असे दोन वेगळे फिजिकल ॲड्रेस असतात. वायफायचा नोंदवून केबल लावली तर राखलेला पत्ता मिळणार नाही. दुसरं, आताचे फोन आणि अनेक कॉम्प्युटर गोपनीयतेसाठी वायफायवर खोटा, बदलता फिजिकल ॲड्रेस दाखवतात. विंडोजमध्ये याला 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' म्हणतात, ॲपलच्या यंत्रांत 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस'. ओळखायची खूण सोपी आहे: फिजिकल ॲड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला नाही, सॉफ्टवेअरने तयार केलेला आहे. ज्या यंत्राचा पत्ता राखायचा आहे त्यावर, फक्त त्या एका नेटवर्कपुरती, ही सोय बंद करा.

दुसरा रस्ता: हाताने टाइप करणं

राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे नाही, किंवा त्यात राखून ठेवायची सोयच नाही, किंवा यंत्र असं आहे की राउटर बंद असतानाही त्याचा पत्ता तोच हवा, तर हा रस्ता घ्यायचा. ऑफिस असेल तर आधी ॲडमिनला विचारा आणि नंबर त्याच्याकडूनच घ्या. हे केवळ शिष्टाचार म्हणून सांगत नाही. तुम्ही मनाने घेतलेला नंबर उद्या सर्व्हरचा निघाला तर सगळ्यांचं काम थांबेल.

घरी नंबर निवडताना राउटरच्या डीएचसीपी पानावर 'स्टार्ट' आणि 'एंड' बघा. समजा राउटर १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ एवढे पत्ते वाटतो. मग हाताने द्यायचा पत्ता या पट्ट्याच्या बाहेरचा घ्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२१०. पट्ट्याच्या आतला घेतला तर राउटरला त्याची खबर नसते, तो कधी तरी तोच नंबर दुसऱ्याला देऊन बसतो. राउटर २ ते २५४ असे सगळेच वाटत असेल तर आधी पट्टा लहान करा. शेवटचा आकडा ० किंवा २५५ घेऊ नका. २४ च्या मास्कमध्ये पहिला नेटवर्कचा असतो आणि दुसरा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा.

नंबर मोकळा आहे का हे तपासा. काळ्या खिडकीत 'पिंग' (एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी कमांड), जागा सोडून १९२.१६८.१.२१० टाइप करा. इथे उत्तर नीट वाचायला हवं. उत्तर आलं तर कोणी तरी तिथे आहेच. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं की बरेच जण नंबर मोकळा समजतात, आणि तिथेच फसतात: त्या पत्त्यावर यंत्र असू शकतं, फक्त त्याची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या हाका अडवणारं सॉफ्टवेअर, पिंगला उत्तर देत नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं आणि ते तुमच्याच कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून आलं, तर मात्र त्या नंबराच्या हाकेला नेटवर्कवरून कोणी ओ दिलेली नाही. गंमत अशी की खालच्या बेरजेत विंडोज हेही 'रिसीव्हड ४, लॉस्ट ०' असं मोजतो, म्हणून बेरीज बघू नका, ओळी वाचा. खात्रीसाठी लगेच 'एआरपी' लिहून जागा सोडून वजा चिन्ह आणि 'ए' द्या. यादीत तो नंबर फिजिकल ॲड्रेससह दिसला तर तो घेतलेला आहे. अर्थात बंद असलेलं यंत्र यातल्या कशातच दिसत नाही, म्हणून राउटरची यादी आणि लिहून ठेवलेली नोंद यांना पर्याय नाही.

विंडोज ११ मध्ये पुढचा क्रम असा:

१. 'सेटिंग्ज' उघडा आणि 'नेटवर्क अँड इंटरनेट' वर जा.
२. केबल असेल तर 'इथरनेट', वायफाय असेल तर 'वायफाय' आणि जोडलेल्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'.
३. 'आयपी असाइनमेंट' समोरचं 'एडिट' दाबा, 'ऑटोमॅटिक' च्या जागी 'मॅन्युअल' निवडा.
४. 'आयपीव्ही४' चालू करा. 'आयपीव्ही६' ला हात लावू नका.
५. पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस भरा. डीएनएसखालचा 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' आहे तसाच ठेवा.
६. 'सेव्ह' करा आणि पुन्हा 'आयपीकॉन्फिग' चालवून टाइप केलं तेच लागू झालं का ते बघा.

विंडोज १० मध्ये याच चौकटीत मास्कऐवजी 'सबनेट प्रीफिक्स लेंग्थ' मागतात. तिथे २५५.२५५.२५५.० टाइप केलं की 'सेटिंग सेव्ह करता येत नाही' असं येतं आणि कारण सांगितलं जात नाही. तिथे फक्त २४ लिहायचं.

जुनी खिडकी अजूनही आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबून 'एनसीपीए', टिंब, 'सीपीएल' टाइप करा. सगळी कार्डं दिसतील. कार्डावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४', पुन्हा 'प्रॉपर्टीज'. डेस्कटॉपसाठी मला हीच खिडकी आवडते, सगळं एका नजरेत दिसतं. पण लॅपटॉपच्या वायफायला इथून पत्ता देऊ नका. इथला पत्ता कार्डाला चिकटतो, नेटवर्कला नाही; ऑफिसचा पत्ता घेऊन तो लॅपटॉप घरी आला की वायफाय जोडलेलं दिसतं आणि काहीच उघडत नाही. 'घरी आल्यावर नेट चालत नाही' या तक्रारीत सर्वांत आधी हेच तपासावं. हाताने दिलेला पत्ता फक्त एकाच जागी हवा असेल, आणि तिथे आपोआप पत्ता देणारं कोणी नसेल, तर याच खिडकीत पत्ता ऑटोमॅटिकवर ठेवल्यावर 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' असा दुसरा टॅब दिसतो. पत्ता देणारं कोणी सापडलं नाही तरच तिथला पत्ता वापरला जातो.

मॅकवर 'टीसीपी/आयपी' मध्ये 'कॉन्फिगर आयपीव्ही४' समोर तीन मुख्य पर्याय असतात. 'मॅन्युअली' निवडलं तर डीएनएसही स्वतः भरावं लागतं. ते राहिलं की पत्ता बरोबर असूनही एकही साइट उघडत नाही. त्यापेक्षा 'यूजिंग डीएचसीपी विथ मॅन्युअल ॲड्रेस' बरा: पत्ता तुमचा, बाकीचं राउटरकडून.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर 'सेटिंग्ज', 'नेटवर्क', जोडणीसमोरचं दातेरी चाक आणि 'आयपीव्ही४' टॅब. 'मॅन्युअल' करून भरा, 'अप्लाय' करा आणि जोडणी एकदा बंद करून चालू करा, त्याशिवाय नवा पत्ता लागत नाही. उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवर हे नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंग्जच्या, फाइलमध्ये लिहावं लागतं. तिथे ओळी आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. आणि सर्व्हर दूर कुठे असेल तर 'नेटप्लॅन अप्लाय' ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' द्या. १२० सेकंदांत तुम्ही एंटर मारून होकार दिला नाही तर तो जुनी सेटिंग परत आणतो, त्यामुळे चुकीच्या पत्त्याने तुम्ही सर्व्हरबाहेर कोंडले जात नाही.

डीएनएस भरताना

घरी राउटरचाच पत्ता ठेवला तरी पुरतं. बाहेरचा हवा असेल तर गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि क्वाड९ चा ९.९.९.९ हे सर्वांना खुले आहेत.

ऑफिसात मात्र सावध. कॉम्प्युटर कंपनीच्या डोमेनला (कंपनीच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेला) जोडलेला असेल तर डीएनएस फक्त कंपनीचाच हवा. 'पहिला कंपनीचा आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालेल' हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. पण दुसऱ्या क्रमांकाचा सर्व्हर पहिल्याला पुरवणी देत नाही. पहिल्याने काही क्षण उत्तर दिलं नाही की विंडोज दुसऱ्याकडे जातो, आणि गूगलच्या सर्व्हरला तुमच्या ऑफिसातल्या फाइल सर्व्हरचं नाव माहीत असण्याचं कारणच नाही. 'असं नाव अस्तित्वात नाही' असं तो ठामपणे सांगतो आणि विंडोज ते मान्य करतो. मग इंटरनेट चालू असतं पण शेअर केलेले फोल्डर उघडत नाहीत, लॉगिनला वेळ लागतो, आणि हे कधी होतं कधी नाही. दुसरा डीएनएस द्यायचा तर तोही कंपनीचाच द्या.

तपासणी: आतून बाहेर

पत्ता दिल्यावर थेट ब्राउझर उघडू नका. काळ्या खिडकीत एकेक पिंग द्या. आधी स्वतःचा नवा पत्ता. उत्तर आलं नाही तर सेटिंग लागूच झालेली नाही. मग गेटवे. तिथे अडलं तर पत्ता किंवा मास्क चुकला, नाही तर केबल-वायफायच तुटलं आहे. मग ८.८.८.८. गेटवेपर्यंत पोचलात आणि इथे अडलात तर गेटवेचा नंबर भलत्याच यंत्राचा टाइप झाला असेल, किंवा राउटरचंच इंटरनेट बंद असेल. शेजारच्या कॉम्प्युटरवर बघितलं की दोन्हींतला फरक कळतो. शेवटी एखाद्या साइटचं नाव. नंबराला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. या चार पायऱ्यांना एक मिनिटही लागत नाही, आणि दोष कुठे आहे ते नेमकं कळतं.

नेट मधूनमधून जातं आणि परत येतं, असं असेल तर एकच पत्ता दोघांकडे असल्याचा संशय घ्या. विंडोज बहुतेक वेळा तसा इशाराही देतो. संशयित यंत्राची केबल काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तोच पत्ता पिंग करा. तरीही उत्तर येत असेल तर दुसरा मालक सापडला; 'एआरपी' च्या यादीतला फिजिकल ॲड्रेस घेऊन राउटरच्या यादीत त्याचं नाव शोधा.

ऑफिसात हमखास आढळणाऱ्या तीन अडचणी

वायफाय कमी पडतं म्हणून कोणी घरून जुना राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावतो. केबल त्याच्या लॅनच्या खाचेत गेली की आता त्या नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघं झाले. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता यंत्र घेतं, म्हणून अर्ध्यांचं चालतं आणि अर्ध्यांचं नाही. बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर 'आयपीकॉन्फिग ऑल' मध्ये 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ बघा. तिथे ऑफिसच्या राउटरऐवजी दुसराच नंबर असेल तर तो पाहुणा राउटर शोधून त्याची डीएचसीपी सेवा बंद करा, आणि त्याचा स्वतःचा पत्ताही बदला.

एका कॉम्प्युटरला दोन कार्डं असतील, एक इंटरनेटसाठी आणि एक आतल्या मशीनसाठी, तर गेटवे फक्त इंटरनेटच्या कार्डाला द्या. दुसऱ्या कार्डावर पत्ता आणि मास्क एवढंच. दोन्हीकडे गेटवे भरला तर कोणत्या दाराने जायचं याचा गोंधळ होतो.

घरून व्हीपीएन लावलं, जोडलंही गेलं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही? घरीही १९२.१६८.१ आणि ऑफिसातही १९२.१६८.१ असेल तर असं होतं; कॉम्प्युटर सर्व्हरला घरातच शोधतो. घरच्या राउटरचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.७३.१ सारखा वेगळा घ्या. बदलल्यावर सगळी यंत्रं एकदा पुन्हा जोडावी लागतील आणि राखून ठेवलेले पत्तेही नव्याने द्यावे लागतील.

आयपीव्ही६ चं काय

१२८ बिटांचे हे लांबलचक पत्ते यंत्रं स्वतःच तयार करतात. 'एफई८०' ने सुरू होणारा पत्ता फक्त त्या नेटवर्कपुरता असतो. काही अडलं की 'आयपीव्ही६ बंद करून बघा' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. विंडोजचे काही भाग त्यावर अवलंबून आहेत आणि ते बंद करू नये असं मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते.

नोंद आणि परतीची वाट

पक्का केलेला प्रत्येक पत्ता एका तक्त्यात लिहा: यंत्राचं नाव, ते कुठे ठेवलं आहे, आयपी, फिजिकल ॲड्रेस, पत्ता राउटरमध्ये राखला की हाताने दिला, कोणी आणि कोणत्या तारखेला. 'राखला की हाताने' हा रकाना सोडू नका. राउटर बदलला की राखलेले पत्ते त्याच्याबरोबर जातात आणि हाताने दिलेले तसेच राहतात, आणि नवा राउटर १९२.१६८.० चं नेटवर्क घेऊन आला तर नेमकी हाताने दिलेलीच यंत्रं तुटतात. तक्त्याची एक छापील प्रत राउटरजवळ ठेवा.

काही बिघडलं तर 'आयपी असाइनमेंट' पुन्हा 'ऑटोमॅटिक' करा, डीएनएसही ऑटोमॅटिकवर आलं का ते बघा. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' पुढे तिरपी रेघ आणि 'रिलीज', मग तसंच 'रिन्यू', आणि शेवटी 'फ्लशडीएनएस'. मॅकवर 'रिन्यू डीएचसीपी लीज' हे बटण हेच काम करतं. एवढ्यानेही नेट आलं नाही तर विंडोजच्या 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' मध्ये 'नेटवर्क रीसेट' आहे. ते अगदी शेवटी वापरा: सगळी नेटवर्क कार्डं काढून नव्याने बसवली जातात, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, वायफायचे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतात आणि व्हीपीएन किंवा व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर असेल तर तेही पुन्हा बसवावं लागू शकतं.